डोळ्यालाही कुलूप हवे



पूर्वी आपल्या गावांत रात्री जागल्या फिरत असे. हातात कंदील आणि काठी घेऊन तो गल्लीगल्लीतून जाई. 'जागते रहो!' ही त्याची आरोळी कानांवर पडली, की घरातली माणसे निश्चिंत होऊन कूस बदलत. जागल्या सर्वांना ओळखत असे आणि सर्वजण जागल्याला ओळखत. गावात परका माणूस आला, तर त्याची खबर पहिल्यांदा जागल्याला लागे.

आता जागल्या दिसत नाही. त्याच्या जागी दारांच्या चौकटींवर, दुकानांच्या पाट्यांखाली आणि शाळांच्या फाटकांवर एक छोटा काचेचा डोळा दिसतो. बारामतीच्या बाजारपेठेतून चालत गेलात किंवा इंदापूरच्या एखाद्या मोठ्या दुकानात शिरलात, तर मान वर करून पाहा. कोपऱ्यात तो डोळा तुमच्याकडेच पाहत असेल. हाच सी. सी. टी. व्ही. कॅमेरा. तो झोपत नाही, कंटाळत नाही आणि पगारही मागत नाही. आता असा पहारेकरी पुष्कळ लोक आपल्या घरीही बसवू लागले आहेत. कदाचित तुमच्या घरीही त्याविषयी बोलणे चालले असेल आणि अब्बा किंवा अम्मी तुम्हांलाच विचारत असतील, "तुला मोबाइलमधले कळते ना? मग सांग, हा कॅमेरा कसा लावायचा?"

या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू. पण आधी एक गोष्ट मनात ठेवा. जुना जागल्या फक्त आपल्या गावाचा होता. हा नवा पहारेकरी मात्र ज्याच्या हाती त्याची चावी असेल, त्याचा होतो. म्हणून कॅमेरा लावण्याइतकेच त्याला कुलूप लावणेही महत्त्वाचे आहे. 'कुलूप' हा शब्द तुम्हांला परका वाटायला नको. अरबीतील 'कुफ्ल' हा शब्द उर्दूत आला आणि तोच मराठीत येऊन 'कुलूप' झाला. नजर, दरवाजा, खबर, मालक हे शब्दही असेच दोन्ही भाषांच्या घरी नांदतात.

हा काचेचा डोळा आला कोठून? सी. सी. टी. व्ही. म्हणजे बंद मंडलातील दूरचित्रवाणी. आपण घरी टीव्हीवर बातम्या पाहतो, त्या सर्वांसाठी असतात. या दूरचित्रवाणीचे चित्र मात्र ठरावीक माणसांनाच दिसते, म्हणून ती 'बंद'. सन १९४२ मध्ये जर्मनीत रॉकेटचे उड्डाण दूर सुरक्षित जागी बसून पाहता यावे, यासाठी अशी यंत्रणा वापरण्यात आली. पण ती घराच्या दारापर्यंत आणण्याची कल्पना एका परिचारिकेची होती. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची परिचारिका राहत असे. तिच्या आणि तिच्या पतीच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या होत्या. पुष्कळदा तिला रात्री घरी एकटे राहावे लागे. दार वाजले, की बाहेर कोण आहे हे कळत नसे आणि पोलिसांना यायला वेळ लागे. मग तिने पतीच्या मदतीने एक यंत्रणा तयार केली. दारामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, खोलीत पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि खोलीतूनच दार उघडणारे बटण अशी तिची रचना होती. २ डिसेंबर १९६९ रोजी तिला या शोधाचे पेटंट मिळाले. भीतीतून शोध लागतो, तो असा!

पुढे सन १९९१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एक गमतीची गोष्ट घडली. तेथील संशोधक वेगवेगळ्या खोल्यांत बसत. कॉफी घ्यायला जावे, तर कॉफीचे भांडे रिकामे! शेवटी त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा ठेवला आणि त्याचे चित्र आपापल्या संगणकावर आणले. सन १९९३ मध्ये हे चित्र इंटरनेटवर गेले आणि सन २००१ पर्यंत जगभरातील लोक केंब्रिजमधील कॉफीचे भांडे पाहत राहिले. सन १९९६ मध्ये स्वीडनमधील एका कंपनीने सरळ जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. बंद मंडलातला डोळा अशा रीतीने जगाशी जोडला गेला. त्यामुळे सोय झाली आणि धोकाही वाढला. तो कसा, ते पुढे येईलच.

आता घरातले जाळे म्हणजे काय, ते पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील मुलांना नीरा डावा कालवा माहीत आहे. १८८५ साली सुरू झालेला हा कालवा नीरा नदीचे पाणी बारामती तालुक्यातून इंदापूर तालुक्यापर्यंत नेतो. कालव्यातून चारी फुटते, चारीतून पाट निघतो आणि पाटातून पाणी उसाच्या सरीत शिरते. कोणाच्या शेतात केव्हा पाणी सोडायचे, हे पाटकरी पाहतो.

घरातील जाळेही असेच असते. बाहेरून येणारी इंटरनेटची फायबर म्हणजे कालवा. ही केसासारखी बारीक काचेची तार असते आणि तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती येते. घरातील एक छोटी पेटी त्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. मग ती माहिती राऊटरकडे जाते. राऊटर म्हणजे आपल्या घरचा पाटकरी. अब्बांचा मोबाइल, तुमचा संगणक आणि दारावरचा कॅमेरा या प्रत्येकाला तो एक क्रमांक देतो आणि ज्याची माहिती त्यालाच पोहोचवतो. जेथे फायबर पोहोचलेली नाही, त्या वाडीवस्तीवर सिमकार्डवर चालणारा राऊटर वापरतात.

कालव्याच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याची तक्रार तुम्ही ऐकली असेल. वरच्यांनी पाणी घेतले, की त्याच्यापर्यंत थोडेच पोहोचते. वाय-फायचेही तसेच आहे. वाय-फाय म्हणजे राऊटरकडून निघणाऱ्या रेडिओ लहरी. जसजसे दूर जावे, तसतशा त्या क्षीण होतात. दगडी भिंत, सिमेंटची भिंत, लोखंडी पत्रा आणि पाण्याने भरलेली टाकी त्यांना अडवतात. म्हणून राऊटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे लपवून ठेवू नये. तो घराच्या मध्यभागी, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. या लहरी बहुधा दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक वेगाने माहिती नेतात, पण लवकर अडतात. घरगुती कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. 'कॅमेरा जोडलाच जात नाही' अशी तक्रार आली, तर हे कारण आधी तपासावे.

कॅमेरा आणण्यापूर्वी वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा. दार कोठे, खिडक्या कोठे, राऊटर कोठे आणि विजेचे बटण कोठे, हे त्यात दाखवा. मग स्वतःला विचारा, "मला नेमके काय पाहायचे आहे?" दारातून येणारा माणूस पाहायचा, की अंगणातील मोटारसायकल, की मागचा शेळ्यांचा गोठा? उत्तर मिळाले, की किती कॅमेरे लागतील तेही कळते. बहुतेक छोट्या घरांना एक किंवा दोन पुरतात.

कॅमेरे वाय-फायचे असतात आणि तारेचेही असतात. वाय-फायचा कॅमेरा लावायला सोपा. पण त्यालाही वीज लागतेच, हे विसरू नका. तारेचा कॅमेरा लावायला कष्ट पडतात, पण तो अधिक भरवशाचा असतो. काही कॅमेऱ्यांत एकाच जाळ्याच्या केबलमधून माहितीही जाते आणि वीजही येते. अशी केबल साधारण १०० मीटरपर्यंत चालते. घरापासून दूर असलेल्या गोठ्यासाठी ही सोय चांगली.

कॅमेरा किती उंचीवर लावावा? साधारण आठ ते दहा फुटांवर. फार खाली लावला, तर कोणीही तो फिरवील. फार वर लावला, तर माणसाचा चेहरा न दिसता टोपीच दिसेल! त्याचे तोंड उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे नसावे, नाहीतर त्या वेळी चित्रात फक्त लखलखाट दिसतो. बाहेर लावायचा कॅमेरा पावसाने न भिजणारा असावा. रात्री कॅमेऱ्यातील छोटे दिवे अवरक्त किरण सोडतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या साहाय्याने कॅमेऱ्याला अंधारातही दिसते. मात्र भिंगासमोर कोळ्याने जाळे विणले, तर ते किरण जाळ्यावरून परततात आणि सारे चित्र पांढरे धुके होऊन जाते. म्हणून महिन्यातून एकदा मऊ फडक्याने भिंग पुसावे. हजारो रुपयांचा पहारेकरी एका कोळ्यापुढे हरतो, हे किती गमतीचे आहे, नाही का!

येथे एक ताकीद द्यायलाच हवी. शिडीवर चढणे, भिंतीला भोके पाडणे आणि विजेची तार जोडणे ही कामे तुम्ही एकट्याने करू नका. ती घरातील मोठ्या माणसाने किंवा वायरमनने करावीत. तुम्ही नकाशा काढा, हिशेब करा आणि मोबाइलमधली जोडणी करा. ते काम काही लहान नाही.

हिशेब म्हणालो, तो करून पाहू. समजा, एक कॅमेरा दर सेकंदाला २ मेगाबिट माहिती तयार करतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे दर सेकंदाला पाव मेगाबाइट झाले. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणून एका दिवसाची माहिती २१,६०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे साडेएकवीस गिगाबाइट होते. कॅमेऱ्यात ६४ गिगाबाइटचे मेमरी कार्ड असेल, तर ते तीन दिवसही पुरत नाही. कार्ड भरले, की कॅमेरा सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागतो.

आता विचार करा. तुम्ही ईदसाठी आठ दिवस मामूंच्या गावी गेलात आणि चोरी पहिल्याच रात्री झाली. परत येऊन पाहता तो काय, त्या रात्रीचे चित्रण केव्हाच पुसले गेलेले! पहारेकऱ्याने चोर पाहिला होता. पण तो विसरून गेला. म्हणून किती दिवसांची आठवण हवी, हे आधी ठरवावे आणि त्याप्रमाणे कार्ड किंवा रेकॉर्डर घ्यावा. चार कॅमेऱ्यांसाठी एक हजार गिगाबाइटची चकती घेतली, तर वरच्या हिशेबाने ती सुमारे अकरा दिवस पुरते. समोर हालचाल झाली तरच चित्रण करावे, अशीही कॅमेऱ्यात सोय असते. तिने जागा पुष्कळ वाचते.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्या. कॅमेऱ्याने पाहणे, ते पडद्यावर दिसणे आणि त्याची नोंद राहणे, ही तीन वेगवेगळी कामे आहेत. इंटरनेट बंद पडले, तर मामूंच्या घरी बसून तुम्हांला आपले दार दिसणार नाही. पण वीज चालू असेल, तर कार्डावर किंवा रेकॉर्डरमध्ये नोंद होतच राहील. याचे एक मोठे उदाहरण सन २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत घडले. बारामती मतदारसंघात बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके येतात. तेथे ७ मे रोजी मतदान झाले आणि मतदानयंत्रे पुण्यातील एका गोदामात कुलूपबंद करून ठेवण्यात आली. त्यांच्यावर कॅमेऱ्यांचा पहारा होता. १३ मे रोजी सकाळी सुमारे ४५ मिनिटे पडद्यावरचे चित्र दिसेनासे झाले. निवडणुकीतील एका उमेदवाराने याबद्दल तक्रार केली. 'विजेच्या कामासाठी पडद्याची केबल काही वेळ काढली होती. कॅमेरे चालू होते आणि चित्रणही सुरक्षित आहे', असा खुलासा निवडणूक अधिकाऱ्यांनी केला. यावरून तुम्ही दोन गोष्टी शिका. पडदा काळा झाला म्हणजे डोळा मिटलाच, असे नसते. आणि पहारा चालू असला, तरी तो चालू असल्याचे लोकांना दिसत राहिले पाहिजे. नाहीतर मनात शंका येते.

वीजच गेली तर? मग कॅमेरा आणि राऊटर दोन्ही झोपतात. घरात इन्व्हर्टर असेल, तर दोघांनाही त्याच्यावर जोडावे. नसेल, तर राऊटरसाठी छोटी बॅटरी मिळते. तिच्यावर राऊटर काही तास चालतो. वीज परत आल्यावर कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ बरोबर आहे का, तेही पाहावे. वेळ चुकलेले चित्रण पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या कामी येताना अडचण करते. चोरीसारखा प्रसंग घडलाच, तर चित्रणात काटछाट करू नये. ते पुसले जाण्यापूर्वी पोलिसांना कळवावे आणि मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवावी.

आता कुलपाकडे वळू. जुन्या काळी किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारत. तो बरोबर सांगितला, तरच दार उघडे. आजचा पासवर्ड म्हणजे हाच परवलीचा शब्द. नव्या राऊटरला आणि कॅमेऱ्याला कारखान्यातून एक परवलीचा शब्द दिलेला असतो. पुष्कळ यंत्रांत तो अगदी साधा आणि सर्वांना ठाऊक असलेला असे. लोक यंत्र घरी आणत, तार जोडत, चित्र दिसले की खूश होत आणि तो शब्द तसाच ठेवत. म्हणजे गावातील सर्व घरांना एकच चावी!

याचा परिणाम सन २०१६ मध्ये सर्व जगाने पाहिला. 'मिराई' नावाचा एक घातकी प्रोग्राम कोणीतरी इंटरनेटवर सोडला. तो घरोघरच्या कॅमेऱ्यांची आणि राऊटरांची दारे ठोठावत फिरे. कारखान्याचे सुमारे साठ ठरलेले परवलीचे शब्द त्याच्याजवळ होते. ज्या यंत्राचा शब्द बदललेला नसे, त्याचा तो ताबा घेई. अशा रीतीने लक्षावधी यंत्रांची फौज तयार झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने इंटरनेटच्या पत्त्यांचे काम पाहणाऱ्या एका अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांनी घराच्या रक्षणासाठी ठेवलेला पहारेकरी रात्री दुसऱ्याच सरदाराची चाकरी करत होता!

म्हणून यंत्र चालू केल्यावर पहिले काम कोणते? परवलीचा शब्द बदलणे. तो लांब असावा. आपले नाव, जन्मतारीख किंवा मोबाइलचा क्रमांक त्यात नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले तीनचार शब्द जोडून केलेला परवलीचा शब्द लक्षात ठेवायला सोपा आणि ओळखायला कठीण असतो. राऊटरचा शब्द वेगळा आणि कॅमेऱ्याचा वेगळा ठेवावा. राऊटरमध्ये 'डब्ल्यू. पी. ए. २' किंवा 'डब्ल्यू. पी. ए. ३' या नावाचे कुलूप निवडावे. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये दुहेरी तपासणीची सोय असेल, तर ती चालू करावी. म्हणजे शब्द चोरीला गेला, तरी मोबाइलवर येणाऱ्या अंकांशिवाय दार उघडणार नाही. कंपनी वेळोवेळी यंत्राची सुधारणा पाठवते, तीही घ्यावी. पाहुण्यांसाठी राऊटरमध्ये वेगळे वाय-फाय ठेवता येते. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवावे, तिजोरीच्या खोलीची चावी देऊ नये, तसेच हे आहे. आणि कॅमेरा बसवून देणारा माणूस निघून गेला, की सर्व शब्द पुन्हा एकदा स्वतः बदलावेत. यात त्याच्यावर अविश्वास नाही. नव्या घराचे कुलूप आपण बदलतोच ना?

भारत सरकारनेही याकडे लक्ष दिले आहे. एप्रिल २०२५ पासून नव्या सी. सी. टी. व्ही. कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या ठरावीक चाचण्यांतून जावे लागते. म्हणून कॅमेरा घेताना केवळ स्वस्त म्हणून कोणताही घेऊ नये. भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह पाहावे आणि पावती घ्यावी.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपला डोळा कोठे पाहतो? आपल्या दारावर लावलेला कॅमेरा शेजाऱ्यांच्या अंगणात डोकावत असेल, तर ते योग्य होईल का? शेजारच्या खालाजान अंगणात धान्य निवडत बसतात, त्यांच्या मुली तेथे बसून अभ्यास करतात. आपले अंगण कोणीतरी दिवसरात्र पाहत आहे, हे कळल्यावर त्यांना मोकळेपणाने बसता येईल का? दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी इजाजत घ्यावी, सलाम करावा, ही शिकवण तुम्हांला घरातच मिळाली आहे. पाय ठेवायला जशी इजाजत लागते, तशी नजर टाकायलाही लागते.

कायदाही हेच सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई प्रमाणे एखाद्याच्या शरीराच्या खाजगी भागाचे चित्र त्याच्या संमतीवाचून घेणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. म्हणून झोपण्याच्या खोलीत कॅमेरा नको आणि न्हाणीघराच्या वाटेवरही नको. कॅमेऱ्याचा कोन असा ठेवा, की आपले दार आणि आपला उंबरा दिसेल. शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येतच असेल, तर पुष्कळ कॅमेऱ्यांत तेवढा भाग काळा करण्याची सोय असते. कॅमेरा लावल्यावर शेजाऱ्यांना बोलावून पडद्यावरचे चित्र दाखवा. "पाहा, तुमचे अंगण यात येत नाही", असे सांगा. त्यांची काळजी मिटेल आणि तुमच्या घरावर नजर ठेवणारे आणखी दोन डोळे तुम्हांला मिळतील.

शेवटी कॅमेरा फक्त पाहतो. तो धावून येत नाही. चोर पळून जाताना त्याला अडवत नाही. दादी अंगणात घसरून पडल्या, तर त्यांना हात देत नाही. ते काम माणसांचेच आहे. पुणे जिल्ह्यात अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा स्वीकारली आहे. संकटात सापडलेल्या माणसाने एक फोन केला, की त्याचा आवाज गावातील अनेकांच्या मोबाइलवर एकाच वेळी पोहोचतो आणि लोक मदतीला धावतात. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. इंटरनेटवर कोणी पैशांची फसवणूक केली, तर १९३० या क्रमांकावर कळवता येते. हे दोन्ही क्रमांक कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

तर मित्रांनो, आजच एक काम करा. घरी राऊटर असेल, तर त्याचा परवलीचा शब्द कारखान्याचाच आहे का, ते अब्बा किंवा अम्मी यांच्याबरोबर बसून पाहा. तोच असेल, तर त्यांच्या संमतीने लगेच बदला आणि नवा शब्द घरातल्या जपून ठेवण्याच्या वहीत लिहा. कॅमेरा असेल, तर त्याच्या चित्रात कोणाकोणाचे अंगण येते, तेही पाहा. घरी यांपैकी काहीच नसेल, तर आपल्या घराचा नकाशा काढून कॅमेरा कोठे लावावा, ते ठरवा आणि वर्गात सर्वांना समजावून सांगा.

जुना जागल्या गावाला जागे ठेवत असे. नवा जागल्या स्वतः जागा असतो. पण त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी आपल्यालाच जागे राहावे लागते.